सुपडूआप्पांच्या दोन नळ्या

“शंभरमा शंभर! याकोब, हाई पोर खोटं बोली ऱ्हायनी.”

पडद्यापलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी दुमडलेली बाही खाली ओढत होते. हात तसाच थांबला. भुसावळच्या इंग्रजी शाळेत शंभरापैकी शंभर मिळाले की सिस्टर वहीवर निळा तारा चिकटवायच्या. शंभर मिळाले म्हणून कुणी मला खोटारडी म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

“सगळी उत्तरं बरोबर आली ना, डॉक्टर,” हा कंपाउंडर याकोबभाऊंचा संथ आवाज. “मग खोटं कसं?”

“तेच तं! खरा मानूसले दहामा एखाद-दोन चुका व्हतंस. माले व्हतंस, तुले व्हतंस, परवा त्या फौजदारले तं चार व्हयन्यात. आनि हाई पोर? एक नही!”

मी बाकावरून उठले, पायांत चपला सरकवल्या आणि मागच्या दारानं घरी गेले. मी अशीच होते. आरोप खरा असला की वाद घालण्यापेक्षा घरी जाणं मला सोपं वाटत असे.

तर हे सुपडूआप्पा, खांडबाऱ्याचे डॉक्टर. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईबापांनी त्यांना सुपात घातलं आणि तेच नाव ठेवलं. शिकलेली माणसं असं नाव लपवतात. आप्पांनी ते दवाखान्याच्या पाटीवर इंग्रजीत, वळणदार अक्षरांत रंगवून घेतलं होतं. कोरीटच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले. घरी गुजरी, बाजारात अहिराणी, सरकारी साहेबापुढे शुद्ध मराठी आणि संताप अनावर झाला की इंग्रजी. त्यांच्या इंग्रजीत क्रियापदं नसत, पण संताप पुरेपूर पोचत असे.

इतर लोक ज्या खिशात पेन लावतात, त्या खिशात आप्पा काचेच्या दोन नळ्या ठेवत. एकीत गरम पाणी, दुसरीत माठातलं गार. काखेतल्या पिशवीत थर्मास. नळीतलं पाणी कोमट झालं की स्टेशनवरच्या चहावाल्याकडून उकळतं घ्यायचं. चहावाल्यानं कधी चुकून चहाच ओतला, तर आप्पा तो पिऊन टाकत आणि नळी पुन्हा पुढे करत.

माणसं भेटली की रामराम करतात. आप्पा दंडाला नळी टेकवून विचारत, “डोया मीट. गरम का थंडं?”

समोरच्यानं डोळे मिटून विचार करायला लागायचं, तेवढ्यात दुसरं वाक्य येई. ते त्यांचं ब्रीदच होतं.

“बरोबर नको सांगू. खरं सांग.”

या दोहोंत फरक काय, हे गावात कुणालाच नीट कळलं नव्हतं. मलाही नाही.

नळ्यांखेरीज त्यांच्या अंगावर आणखी सामान असे. कोटाच्या कॉलरला टाचणी टोचलेली, कानामागे कोंबडीचं पीस, बाजूच्या खिशात रबराची हातोडी. पीस अंगावरून फिरवायचं, टाचणी टोचायची, हातोडी गुडघ्यावर मारायची. गुडघ्याखाली हातोडी बसली की पाय आपोआप उडतो, याचा त्यांना पन्नाशीतही नव्यानं खेळणं मिळाल्यासारखा आनंद होई. पाय लोंबकळत ठेवून बसायला गावात उत्तम जागा म्हणजे आमच्या स्टेशनवरचा पार्सल तोलायचा काटा. बाजाराच्या दिवशी डोंगरातून आलेली माणसं गाडीची वाट बघत त्याच्यावर बसत, आणि आप्पा ओळीनं गुडघे वाजवत पुढे सरकत. काट्याची सुई थरथरत राही. बाबा तिथले स्टेशन मास्तर. ते खिडकीतून बघत आणि शांतपणे म्हणत, “डॉक्टर, सरकारी काटा आहे.”

“सरकारना काटा शे, मास्तर. गुडघा जनताना शे!”

एकदा एक पुढारी गाडीसाठी खुर्ची टाकून बसले होते. पायावर पाय, हातात कपबशी, भोवती दहा माणसं. आप्पांना तो वर टाकलेला पाय दिसला आणि राहवलं नाही. पाय उडाला, कपबशी उडाली, चहा धोतरावर. पुढारी काही बोलायच्या आत आप्पांनी वहीत नोंद करून त्यांचा हात हातात घेतला. “अभिनंदन! नसा एकदम कायद्यानी शेतस!”

कधीकधी ते नळी टेकवतच नसत. डोळे मिटायला लावून नुसतं विचारत, “गरम का थंडं?” भिडस्त माणूस म्हणे, “गरम.” फार भिडस्त म्हणे, “गरम, पण जास्त नाही.” मग आप्पा वही मिटून याकोबभाऊंकडे वळत. “हाऊ पुढं आमदार व्हई.”

याकोबभाऊ हसत नसत. ते नवापूरकडच्या डोंगरातल्या एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातले. दर गुरुवारी महारोग्यांच्या जखमा धुवायचं काम ते एकटे करत. कुणी दारातून नाक मुरडून गेला की आप्पांचं इंग्रजी सुरू होई आणि शेवट अहिराणीत होई, “आते गोया शेतस! गोया! कसाले पयतंस?” महारोगावर गोळ्या आल्या तरी लोक पळत, याचा तो राग.

मी त्या दवाखान्यात कशी पोचले ते सांगायला हवं.

महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. भुसावळची शाळा संपवून आईबाबांकडे खांडबाऱ्याला आले होते. एका सकाळी मी शेगडीवरचं दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि ओट्यावर ठेवलं. आई किंचाळली, म्हणून मला कळलं की पातेलं गरम आहे. मग मीही किंचाळले. थोड्या उशिरानं, पण चांगली किंचाळले. आईला वाटलं, घाईत झालं. बोटांना फोड आले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, या वेळी इस्त्रीनं. तिसऱ्यांदा कशानं आले ते मला अजूनही माहीत नाही. सकाळी उठून बघते तर करंगळीला पाणी भरलेला फोड.

तिसऱ्या फोडानंतर शेजारच्या काकूंनी आमच्याकडून विरजण नेणं बंद केलं. त्या काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी येणारी वाटी यायची थांबली, एवढंच. पण आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही. चटका कळत नाही म्हणजे काय, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असे. तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. महिनाअखेर जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला येणार होते. ज्यांच्या बोटांना असे फोड, त्यांची नावं ते यादीत घालत, आणि यादीतल्यांना दूरच्या आश्रमात पाठवत. तोवर ‘हा तो रोग नाही’ अशी डॉक्टरची चिठ्ठी मिळाली तर मिळाली.

बाबांनी मला सुपडूआप्पांकडे नेलं. वाटेत ते फक्त एवढं म्हणाले, “जे विचारतील त्याची नीट उत्तरं दे.”

नीट उत्तरं देणं हा माझा हातखंडा होता.

दवाखान्यात लाकडी घोडीवर नळ्या उभ्या असत. गरम नळी डावीकडच्या भोकात, गार उजवीकडच्या. मी डोळे मिटले तरी कान उघडे होते. मी रेल्वेतली मुलगी. गाडी दिसायच्या आत मालगाडी की पॅसेंजर हे आवाजावरून सांगत असे. डावीकडून काच खणकली की गरम. दुसऱ्या दिवशी आप्पांनी घोडी फिरवली. पण गरम नळी ते रुमालानं धरत; कापडाची सळसळ आली की गरम. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही नळ्या रुमालानं धरल्या. गार नळीला बाहेरून पाणी सुटतं आणि थेंब फरशीवर पडतो.

दंडाला मला गरम-गार कळतच नव्हतं. दोन्ही हातांना नाही, खांद्यापर्यंत नाही. नळी टेकली एवढं समजे, ती कसली हे समजत नसे. पीस फिरवलं की मात्र लख्ख कळे, गुदगुल्या होत. ते मी खरं सांगितलं, कारण त्यात भीती नव्हती. बाकी सगळं मी बरोबर सांगितलं.

प्रत्येक उत्तरागणिक आप्पांचा चेहरा पडत जाई. उत्तर देऊन झालं की मी पापण्यांच्या फटीतून बघे. मला कळेना, एखादी मुलगी निरोगी निघते आहे तर या माणसाला एवढं वाईट का वाटावं?

मग त्यांनी पेटी काढली. लाकडी पेटी, आत तांब्याच्या तारांची गुंडाळी, बाहेर फिरवायचा दांडा आणि दोन वायरी. दांडा याकोबभाऊंनी फिरवायचा. वायरींची टोकं आप्पांनी माझ्या कोपराजवळ टेकवली, आणि माझी करंगळी टुणकन उडाली. पुन्हा उडाली. करंगळी माझी, हुकूम त्यांचा. मला हसू आलं. त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा हसले.

“तार चालू शे,” आप्पा स्वतःशी पुटपुटले. “तार तं एकदम चालू शे. मंग फोड कसाले?”

आणि पडद्यामागे जाऊन ते वाक्य बोलले, जे मी सुरुवातीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या क्वार्टरच्या दारात उभे. आईला वाटलं, चिठ्ठी आणली. त्यांनी काखेतून जाडजूड वही काढली.

“वं माय, तुन्हं इंग्रजी चांगलं शे. मुंबईना मोठा डॉक्टरले हाई वही धाडनी शे. मन्हं इंग्रजी वाचीसन तो हसी. तू उतरी दे.”

मला वाटलं, ही शिक्षा आहे. मग वाटलं, ही लाच आहे. आज वाटतं, मला रोज डोळ्यांपुढे ठेवण्याची ती त्यांची रीत होती. ते आईला म्हणाले, “हिले चुल्हापान जाऊ देऊ नका. लिखू द्या.” आठवडाभर मी शेगडीपासून दूर, खिडकीशी बसून त्यांचं इंग्रजी दुरुस्त करत होते. त्या आठवड्यात मला एकही फोड आला नाही.

वहीत निम्मं खांडबारं होतं. हमाल, बाजारकरी, दोन नवरदेव, एक फौजदार. प्रत्येकाला एक पान, दहा प्रश्न, किती बरोबर, किती चूक. आणि अधूनमधून, दर सात दिवसांनी, मराठीत एकच ओळ. नाव नाही, नुसतं ‘जि.’ आणि पुढे, ‘आज नाही म्हणाली.’

मी पानं उलटली. ‘जि. आज नाही म्हणाली.’ पुन्हा. पुन्हा. मागच्या जुन्या वह्या मागवल्या, त्यांतही तेच. आठ-नऊ वर्षांचे रविवार. मी प्रत्येकापुढे इंग्रजीत एक शब्द लिहिला, ‘नकार’, आणि एवढे नकार लिहून झाल्यावर मला, कुणालाही काहीही न विचारणाऱ्या मुलीला, विचारावंच लागलं.

“आप्पा, ही जि. कोण?”

आप्पांनी कानामागचं पीस काढलं, सरळ केलं, परत खोचलं. “रैवारे चाल. दखाडसू.”

रविवारी बाबांनी जाऊ दिलं, कारण याकोबभाऊ बरोबर होते. सकाळच्या पॅसेंजरनं नंदुरबार, तिथून कोरीटपर्यंत आप्पांच्या पुतण्यानं धाडलेली बैलगाडी. आप्पा वाटभर गाडीवानाच्या गुडघ्याकडे बघत होते, पण गाडी चालू असल्यामुळे त्यांनी मन आवरलं. गाव आलं आणि मागे पडलं. कपाशीच्या शेतांमधून आणखी आत, एका खळ्यावर, कडुनिंबाखाली एक खोली होती. दारात एक म्हातारी बसली होती. पाय लांबसडक, धडधाकट. हातांची बोटं मात्र आखूड झालेली, वाकलेली, काहींची नुसती खुंटं.

“जिजी,” आप्पा म्हणाले. “मन्ही मोठी बहीण.”

जिजींनी मला खालून वर पाहिलं. “कोनी पोर शे?”

“ठेसन मास्तरनी.”

“मन्हा हातनी भाकर खाशी का वं?”

मी होकारार्थी मान हलवली. आमच्या घरचं विरजण कुणी नेत नव्हतं. मी कोण कुणाला नाही म्हणणार?

त्या चुलीशी बसल्या आणि त्या खुंटांनी भाकरी थापू लागल्या. इतकी गोल भाकरी मी पूर्वी पाहिली नव्हती. आप्पा चुलीकडे पाठ करून बसले होते आणि मला पावसाळ्यातल्या विंचवांबद्दल काहीतरी लांबण लावून सांगत होते. बोलता बोलता, वाक्याच्या मध्यात, मागे वळूनही न बघता ते म्हणाले, “जिजी, गरम!”

जिजींचा हात तव्याच्या काठापासून वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी तो मागे घेतला, फडकं उचललं. आप्पांनी विंचवाचं वाक्य पुरं केलं. दोघांनाही आपण काही केलं असं वाटलेलं दिसलं नाही.

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर आप्पा आणि याकोबभाऊ विहिरीवर गेले. जिजी माझ्याजवळ सरकल्या.

“बारका व्हता तवय मन्हा मांगेमांगे फिरे,” त्या म्हणाल्या. “चुल्हाकडे मी हात करा का आरडे, ‘जिजी, गरम!’ समदासले वाटे, पोऱ्या खेयस. माले चटका समजे नही, हाई कोनलेच ठाऊक नव्हतं. त्यालेच ठाऊक. मंग तो धुळाले शाळामा गया. त्या हिवायामा मन्हा हात गयात.”

एवढं सांगून त्या हसल्या. “गावना लोके म्हने, तोच रोग. बाप काय करी? आठे खोली बांधी दिधी.”

“पण आप्पा म्हणतात तपासू,” मी म्हटलं. “तो रोग नसेलच कदाचित. मग तुम्ही नाही का म्हणता?”

“तो नहीच शे. त्यान्हा पुस्तकमा लिखेल शे, पाठना कनाना काही दुसरा रोग ऱ्हास. माले समजस. पन एकदाव नक्की व्हयनं, तं तो मनमा म्हनी, जिजी चाळीस वरीस फुकट आठे बठनी. आनि म्हनी, मी शाळामा नही गऊ असतू तं?” त्यांनी विहिरीकडे पाहिलं. रहाट करकरत होता. “नही म्हनी दिधं का पुढला रैवारलोंग त्याले काम ऱ्हास. ऱ्हाऊ दे.”

मग त्यांची नजर माझ्या बोटांवर आली. मी बाह्या ओढल्या.

“तुन्हंबी तसंच शे ना?”

मी बोटं मुठीत मिटली.

“घाबरस. मीबी घाबरनू व्हतू. पन माले इचारनारा कोनी नव्हता वं माय. तुले तं तो रोज इचारी ऱ्हायना.”

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ते डॉक्टरी आहे आणि शेवटी सांगितलं तर रुक्ष वाटेल. आप्पांची चिठ्ठी आणि ती उतरवलेली वही घेऊन बाबांनी मला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे आप्पांच्या पेटीची श्रीमंत बहीण होती. खोलीभर यंत्र, काचेवर हिरवी रेघ. बोटाला विजेची टिचकी मारली की मनगटापाशी ती रेघ उसळे. दोन डॉक्टरांनी आठ दिवस माझ्या हातांच्या नसांमधून निरोप जातात-येतात का ते मोजलं. निरोप व्यवस्थित जात होते. हाताची नस धडधाकट होती. गरम-गार आणि दुखणं यांचे निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरत आणि तिथे हरवत. शाल पांघरावी तसा खांद्यांवरून दोन्ही हातांचा भाग. स्पर्श शाबूत, चटका गायब. दुखणं दुर्मिळ, त्यातल्या एका डॉक्टरनं तर ते फक्त पुस्तकात पाहिलं होतं. आणि तो महारोग नव्हता. ते डॉक्टर बाबांना म्हणाले, “तुमच्या गावच्या डॉक्टरांनी नळ्यांवर जे शोधलं तेच आम्ही यंत्रावर शोधलं.”

आप्पांनी ते बाबांना जास्त सोपं करून सांगितलं. “मास्तर, तार चालू शे. खांडबारानी तार नंदुरबारले पोचस. पन नंदुरबारना बाबू झोपेल शे. तो पुढं धाडत नही.” बाबांना हे एका क्षणात कळलं. ते म्हणाले, “असा बाबू मी सस्पेंड केला असता.” आप्पा म्हणाले, “याले करता येत नही. याले संभाळीसन घेनं पडस.”

बाबूला सांभाळून घेत मी आता सहा वर्षं काढली आहेत. अंघोळीचं पाणी मी पायाच्या अंगठ्यानं बघते. नंदुरबारच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथल्या बायका हसतात, हसू देत. घरात मी शेगडीकडे वळले की आई, बाबा, कोण असेल तो ओरडतो, “गरम!” काकूंची विरजणाची वाटी पुन्हा यायला लागली. त्याही काही बोलल्या नाहीत, मीही नाही. आईनं मात्र त्या दिवशी दही जरा जास्त घातलं. माझं नाव कुठल्याही यादीत गेलं नाही.

दर रविवारी आप्पा कोरीटला जातात. सोमवारी वही माझ्याकडे येते. ‘जि. आज नाही म्हणाली.’ मी तिचं इंग्रजी करते. जिजींनी जे मला सांगितलं ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही, आणि इथे लिहिण्याचं धाडस एवढ्याचसाठी की आप्पा डॉक्टरी पुस्तकांखेरीज काही वाचत नाहीत. याकोबभाऊ वाचतात. त्यांना मी बजावून ठेवलं आहे.

पण त्या दुपारी कडुनिंबाखाली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. निरोप, मज्जारज्जू, हिरवी रेघ, काहीच नाही. मला फक्त यादी ठाऊक होती, आणि समोर ती खोली होती.

आप्पा विहिरीवरून आले. मी बाही दुमडली, खांद्यापर्यंत, आणि हात पुढे केला.

“मला तपासा.”

“आज रैवार शे,” आप्पा म्हणाले. “रैवार जिजीना.”

“जिजी आज नाही म्हणाल्या आहेत,” मी म्हटलं. “रविवार रिकामा आहे.”

जिजी तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून नळ्या काढल्या. चुलीवरच्या तपेलीतून एक भरली, कोऱ्या माठातून दुसरी. मी डोळे मिटले. चूल माझ्या डाव्या हाताला होती, माठ उजव्या. त्यांची पावलं डावीकडून आली. रुमालाची सळसळ झाली. थेंब पडला नाही. उत्तर मला तोंडपाठ होतं. एक शब्द, बरोबर शब्द, निळ्या ताऱ्याचा.

दंडाला काहीतरी टेकलं.

“गरम का थंडं?” आप्पांनी विचारलं, आणि पुढचं त्यांचं नेहमीचं वाक्य बोलायला ते त्या दिवशी विसरले. त्यांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. पलीकडे जिजींच्या बांगड्याही थांबल्या होत्या.

“कळत नाही, आप्पा,” मी म्हटलं. “पीस कळतं. हे कधीच कळलं नाही.”